गोंदणमाळ निरंक

तुम्ही कॉलेजच्या कामासाठी आलात आणि गोंदणमाळावर पूर्वी काय काय उगवायचं, असं विचारलंत. साधाच प्रश्न आहे. मीही त्या वर्षी अशाच साध्या कामाला निघालो होतो, उदगीरहून एक फॉर्म आणायला. लाईट आता तासभर येणार नाही, तोवर बसा. नागम्मा, माझी बायको, कंदील आणून ठेवेल. ती इथं थांबणार नाही. तिला हे सगळं ठाऊक आहे.

शहाऐंशी सालचा मे महिना. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, खात्यात वनरक्षक. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, तरी उस्मानाबादचे जुने शिक्के मारलेले कागद अजून फिरत असत. नव्या जिल्ह्याला सगळं नवं हवं होतं. त्यातच उदगीर-देवणी रस्त्यापासून दीड मैल आत असलेल्या गोंदणमाळाला काटेरी तारेचं कुंपण पडलं आणि पाटी लागली, ‘संरक्षित वनोद्यान’. दोनशे एकरांचा बरड माळ. लांबून पाहिलं तर खडक आणि पिवळं गवत. उद्यान ते कशाला म्हणायचं, म्हणून लोक हसायचे. मीसुद्धा पहिल्या दिवशी हसलोच होतो.

माझं हसू थांबवलं सरजाबाईनं. ओढ्यापलीकडं दहा घरांची वस्ती होती, तिथं ती सुनेबरोबर, सिंधुबरोबर राहायची. साठीची असेल. चौकीवर पाणी आणणं, कुंपणावर नजर ठेवणं अशा कामाला ती रोजंदारीवर होती. तिनं मला माळ फिरवून दाखवला. मारवेल, पवन्या ही गवतं कुठं, शतावरी कुठल्या काट्याच्या आडोशानं वर चढते, कळलावीला हात का लावायचा नाही. हिवराच्या एका झुडपाशी ती उकिडवी बसली. सुतासारखी वाळकी वेल बोटानं धरून जमिनीपर्यंत गेली, खुरप्यानं हलक्या हातानं माती सारली आणि लिंबाएवढा पांढरा कंद बाहेर काढला. खर्पुडी. अर्धा तोडून मला दिला. त्या उन्हात तोंडात गार पाणी फुटल्यासारखं झालं. गोडसर, मागून थोडं कडू. उरलेला अर्धा तिनं परत त्याच जागी पुरला आणि तळहातानं माती दोनदा थापली.

सगळा का नाही काढला, असं मी विचारलं. घर मोडत नसतात, असं ती म्हणाली. खर्पुडीच्या जागेला ती घर म्हणायची. पावसाळ्यात तिला कंदिलासारखं इवलंसं फूल यायचं. पूर्वी देवणीपर्यंतच्या सगळ्या माळांवर ती होती, मग जमिनी नांगरात गेल्या. आता पंचक्रोशीत गोंदणमाळ सोडला तर कुठंच नव्हती. हे मला तिनं सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

पावसानं दगा दिल्याचं ते तिसरं वर्ष. विहिरींचे तळ उघडे पडले होते. वस्तीला टँकर दिवसाआड यायचा.

तर मी फॉर्म आणायला गेलो. साहेबांनी खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. पाच जूनला मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते वृक्षारोपण. हजार सुबाभूळ लागली पाहिजेत, झपाट्यानं वाढणारं झाड, नवा जिल्हा हिरवा दिसला पाहिजे. अडचण एवढीच होती की जिथं आधीच राखलेलं काही आहे तिथं नांगर घालायला मंजुरी मिळत नव्हती. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘क्षेत्रावरील विद्यमान स्थानिक वनस्पती’. तो जागेवरच्या माणसानं भरायचा होता. साहेब रागावले नाहीत, धमकी दिली नाही. नागम्मा तेव्हा लातूरला माहेरी होती, पहिलटकरीण. साहेबांनी तिची चौकशी केली आणि माझ्या लातूरच्या बदलीचा अर्ज टेबलावरच्या गठ्ठ्यात वर काढून ठेवला. बस्स.

मी त्या रकान्यात लिहिलं, निरंक. काही नाही. तीन अक्षरं आणि खाली सही.

चार दिवसांनी व्यंकट ट्रॅक्टर घेऊन वस्तीजवळ मुक्कामाला आला आणि सरजाबाईला कळलं. ती चौकीच्या दारात आली, आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली.

“सायेब, दोन दिवस द्या. समदी घरं मला ठावी हायत. काढून वढ्याच्या काठानं लावते. मग चालवा टॅक्टर.”

मी म्हणालो, “दिले. दोन दिवस ट्रॅक्टर हलणार नाही.”

मी मनापासून म्हणालो होतो, त्या घटकेला. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला की उद्या सकाळीच सुरू करा, खड्ड्यांना वेळ पुरणार नाही. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तिला खरं सांगायला हवं होतं. पण ती नांगरापुढं बसली असती. वस्तीतली माणसं आली असती, आणि माझ्या अर्जाचा कागद परत गठ्ठ्याच्या तळाला गेला असता.

सकाळी मी एक सरकारी पाकीट घेतलं. त्यात कागद घडी करून घातला, डिंकानं चिकटवलं आणि तिच्या हातात दिलं. ट्रॅक्टर थांबवायचा अर्ज आहे, उदगीरच्या ऑफिसात नेऊन दे, असं सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. तसा वाचण्याजोगा मजकूरही त्यात नव्हता. कागद कोरा होता.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मी नागम्मालाही फार उशिरा सांगितली. मी सरजाबाईला म्हणालो की एसटीची वाट बघू नको, उशीर होईल, पायीच नीघ. एसटीनं ती दहापर्यंत परत आली असती. चार कोस जाणं, चार कोस येणं, मे महिन्यात. मी ते हिशेबानंच बोललो होतो.

तिनं पाकीट दोन्ही हातांत घेतलं, उन्हाच्या बाजूला तोंड करून क्षणभर डोळ्यांसमोर धरलं. डोळ्यांवर सावली धरली असावी, असं मला वाटलं. मग ती निघाली. पाऊलवाट वडाच्या झाडाशी वळते, तिथपर्यंत तिनं तीनदा मागं वळून पाहिलं. पहिल्यांदा मी हात केला. नंतर दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधत खाली वाकलो.

वडापलीकडं ती दिसेनाशी झाली आणि मी व्यंकटला खूण केली.

नांगर खोल गेला. दुपारपर्यंत निम्मा माळ उलटला होता. फाळामागं पांढरे कंद वर येत होते, शेकडो, फुटलेले, चिरलेले. तीन वर्षं पाऊस नसलेल्या त्या जमिनीला ओला वास सुटला. व्यंकट ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, काही नाही. उन्हानं ते कंद संध्याकाळपर्यंत मनुक्यासारखे आकसले.

सरजाबाई त्या दिवशी परतली नाही. दुसऱ्या दिवशी मेंढपाळांना ती रस्त्याच्या पुलाखाली सापडली. उन्हानं गेली, असा पंचनामा झाला. पदराच्या गाठीला पाकीट होतं, फोडलेलं. हवालदारानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडं दिला. मी तो चौकीतल्या चुलीत घातला.

सिंधु रडली असेल ती वस्तीत. माझ्यासमोर रडली नाही. चौथ्या दिवशी ती सासूच्या जागी कामावर आली, घागर घेऊन. एकदाच म्हणाली, “आत्याबाई म्हणल्या होत्या, दोन दिवस मिळालेत.” आणि पाण्याला गेली.

त्याच आठवड्यात मलप्पा आला, ऑफिसातला शिपाई. रोपांची यादी घेऊन आला होता. बोलता बोलता त्यानं त्या म्हातारीची गोष्ट काढली. ती ऑफिसात आली, कारकुनानं पाकीट फोडलं, बाई हा कोरा आहे म्हणाला. तर ऐकेना. आमच्या सायबानं लिवलंय, नीट बघा, एवढंच म्हणत राहिली. लोक हसले. बारापर्यंत व्हरांड्यात बसून होती, मग उठून गेली. मलप्पानं तिला पाणी विचारलं होतं, तिनं नको म्हटलं. हे सांगून मलप्पा पुढं म्हणाला, “साहेब, पाकिटात चुकून दुसरा कागद गेला असंल ना तुमच्याकडून?”

मी म्हणालो, “हो. चुकून गेला.”

मे महिन्याच्या शेवटी सुबाभळीची रोपं आली. खड्डे घेऊन आम्ही ती लावली. टँकर आता रोज यायचा, पण माळावर. वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन तारेपलीकडं उभ्या राहायच्या आणि मी रोपांना पाणी मोजून घालून घ्यायचो. दुपारी बारा ते तीन काम बंद. सगळे घरी जायचे. चौकीवर मी एकटा.

भुताखेताच्या गोष्टी तुम्ही रात्रीच्या ऐकल्या असतील. गोंदणमाळावरची ती दुपार पाहिली असती तर तुम्हाला रात्र बरी वाटली असती. सावली नावाची वस्तूच नाही. पक्षी नाही, वारा नाही, पत्रा तापून टक् टक् वाजायचा, तेवढाच आवाज. त्या दिवशी मी बाजेवर पडलो होतो. पत्र्याचा आवाज थांबला. मग ऐकू आलं... खुर्र... खुर्र... खुरपं माती सारत होतं. घाई नाही, जोर नाही. मध्येच थांबायचं, आणि मग तळहात मातीवर दोनदा. थप्. थप्.

मला वाटलं, वस्तीतलं कुणी पाण्यासाठी रोपांची आळी उकरतंय. बाहेर आलो. माळ रिकामा. नजर पोचेल तिथपर्यंत नुसत्या झळा. पण पहिल्या ओळीतली सात रोपं जमिनीवर आडवी ठेवलेली होती. उपटलेली नव्हती, ठेवलेली होती, मुळाला धक्का न लावता, जपून. प्रत्येकाच्या मुळाभोवती फडक्याची चिंधी गुंडाळलेली. खड्डे बुजवलेले आणि वर तळव्याचा ठसा, बोटं फाकलेला.

मी चिंधी हातात घेतली. ती ओली होती. पिळली तर पाणी गळलं असतं, इतकी. त्या दिवशी टँकर बिघडला होता. आदल्या संध्याकाळपासून माळावर, चौकीत, वस्तीत, कुणाकडं घोटभरही शिल्लक नव्हतं.

मी रोपं परत लावली. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दुपारी अकरा रोपं. तिसऱ्या दुपारी मी मोजली नाहीत. सिंधुवर संशय घ्यावासा वाटला, पण भर दुपारी ती मला वस्तीतल्या निंबाखाली झोपलेली दिसत होती, चौकीच्या दारातून. आवाज येत असतानाही दिसत होती.

चौथ्या दिवशी मी बारा वाजता डोक्याला उपरणं गुंडाळून माळाच्या मधोमध जाऊन बसलो. म्हटलं, जे असेल ते समोर बघू. घाम सुटण्याआधीच सुकत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळे मिटले असतील, नसतील. खुरप्याचा आवाज माझ्या पाठीमागून आला. अगदी जवळून, हातभर अंतरावरून. आणि नाकात तो वास आला, चिरलेल्या कंदाचा.

मी वळलो नाही. मान वळेना. डोळ्याच्या कोपऱ्यात लुगड्याचा हिरवा काठ जमिनीला टेकलेला दिसत होता.

“दोन दिवस झाले का, सायेब?”

ती पुन्हा म्हणाली, समजावल्यासारखं, “एवढ्यात न्हाई व्हायचे. अजून लई घरं राहिलीत. काढायलेय मी...”

खुर्र... खुर्र...

“मावशी,” मी म्हणालो. “मावशी, तो कागद... कोरा होता.”

खुरपं थांबलं. माळावर काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “उन्हाला धरला तवाच दिसलं. एक रेघ न्हाई त्यात.”

“मग... गेलीस कशाला?”

मग अगदी हळू आवाजात, जणू तिलाच त्याचं काहीतरी वाटत होतं, असं म्हणाली,

“म्हटलं, तुम्ही मागं बोलवाल. वडापस्तोर बघत गेले.”

मग मातीवर तळहात पडला. दोनदा. मी वळलो तेव्हा मागं कुणी नव्हतं. ओली माती थापलेली होती आणि बघता बघता उन्हानं तिचा रंग उडत गेला.

तुम्हाला वाटेल, यानंतर हा माणूस सुधारला असेल. साहेबांकडं गेला असेल, फॉर्म परत मागितला असेल. मीही रात्रभर तेच ठरवत होतो. सकाळी तोंड धुतलं, गणवेश चढवला आणि रोपांच्या ओळी सरळ करायला गेलो.

पाच जूनला मांडव पडला. पाहुणे आले, हार झाले, फोटोवाला आला. मधल्या खड्ड्यात पाहुण्यांनी रोप लावायचं होतं. खड्डा आधीच घेतलेला होता, पण फोटोसाठी त्यांनी फावडं हातात घेतलं आणि कडेला एक घाव घातला. कच्चकन आवाज झाला. मी शेजारीच रोप धरून उभा होतो. ढेकळाबरोबर एक कंद वर आला, मधोमध चिरलेला. केवढा मोठा. नांगराच्या फाळाखालून तो कसा सुटला होता, देव जाणे. चिरेतून पाणी पाझरत होतं.

पाहुण्यांनी खाली पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मग साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

तारेपलीकडं वस्तीतली माणसं उभी होती. त्यांत सिंधु होती. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, माझ्या पायांवर होती.

मी पुढं झालो आणि कंदावर बूट ठेवला. फोटो होईपर्यंत तसाच उभा राहिलो. तळव्याखाली तो दबत गेलेला मला कळत होता. तो फोटो पुढं बरीच वर्षं ऑफिसात लावलेला होता. त्यात सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत, मी तेवढा खाली.

त्यानंतर खुरप्याचा आवाज आला नाही. मी दुपार दुपार जाऊन बसलो. माफी मागायची म्हणून बसलो, असं स्वतःला सांगत होतो, पण खरं तर तो आवाज परत यावा म्हणून बसत होतो. आला असता तर अजून कुठंतरी एखादं घर शिल्लक आहे, असं तरी समजलं असतं. रोपं जागची हलली नाहीत. सुबाभूळ फोफावली, तिच्या शेंगा फुटून सगळा माळ व्यापला. तिच्याखाली गवत उगवलं नाही, तित्तर गेले, हिवर एकेक करून वाळले. वस्तीही उठली. सिंधु कुठं गेली, ते मी विचारलं नाही. मला लातूरची बदली मिळाली.

तुमच्या वहीत काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मारवेल, पवन्या, शतावरी, कळलावी, मुरुडशेंग, हिवर, खर्पुडी. नावं मी सांगितली. माझी सही हवी असेल तर तीही करतो, पण त्या सहीला काय किंमत आहे ते आता तुम्हाला कळलंय.

एक गोष्ट राहिली. ती तुमच्या कामाची नाही.

निवृत्त झाल्यापासून मी दुपारी तासभर झोपतो. हे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली सिमेंटचा रस्ता, समोर डाळ मिल. चिमूटभर माती शोधायला गेलात तर मिळणार नाही. तरी झोपेतून उठलो की माझ्या दहाही नखांत माती असते. लातूरची काळी नाही. तांबूस, बरड. आणि ओली.

पहिल्यांदा नागम्माला वाटलं, मी झोपेत उठून कुठंतरी जातो. एका दुपारी तिनं बाहेरून कुलूप लावलं आणि पायरीवर बसून राहिली. तिनंच कुलूप काढलं तेव्हा मी पलंगावर होतो, आणि नखं भरलेली होती. तेव्हापासून ती काही विचारत नाही. परातीत पाणी आणते, माझे हात त्यात धरून एकेक नख काडीनं कोरून काढते. वरचं पाणी ओतून देते, खालचा गाळ मात्र फेकत नाही. गॅलरीतल्या एका कुंडीत टाकते. का, ते मीही विचारलेलं नाही.

आठ वर्षं झाली. कुंडी काठोकाठ भरली आहे. शेजारच्या कुंड्यांत तुळस आहे, गवती चहा आहे, न लावता आलेली आघाड्याची रोपं आहेत. नखांतल्या मातीच्या कुंडीलाही नागम्मा रोज पाणी घालते. त्या कुंडीत आजवर गवताचं पातंसुद्धा उगवलेलं नाही.